आकडा स्थिरावेपर्यंत

वहिनी शीळ घालत होत्या. एका पायात मोजा चढवलेला आणि दुसरा हातात, अशा अवस्थेत तो बोळात उभा राहिला. आधी वाटलं, खालच्या मजल्यावरचा रेडिओ असेल. मग वाटलं, किटली असेल. पण किटलीला काही चाल नसते. ही शीळ वर चढत होती, तिथे क्षणभर रेंगाळत होती, वळसा घेऊन खाली उतरत होती, आणि उतरताना मध्येच अशी एक गिरकी घेत होती की गाण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्या त्यालाही समजावं, हा नाद आज सकाळी लागलेला नाही. तो कॉलेजात होता तेव्हा दादानं वहिनींना या घरात आणलं. तेव्हापासून त्यांच्या हातचं खाऊन, त्यांनी टाके घातलेले शर्ट घालून तो म्हातारपणाच्या उंबरठ्यावर आला होता. त्यांना पडसं झालं की आधी डावी नाकपुडी चोंदते इथपर्यंत त्याला माहिती होती, आणि त्या शीळ घालतात हे माहीत नव्हतं. कुठे घालत असतील इतकी वर्षं? घरात कोणी नसताना? की घातलीच नसेल, नुसती ओठांच्या आत ठेवून दिली असेल? स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. पाठ तीच, रोजची, थोडी डावीकडे कललेली. त्या वळल्या, त्यांना तो दिसला, आणि शीळ जिथल्या तिथे तुटली. ओठ मात्र अजून तसेच चंबू केलेले होते. मग त्या हसल्या, तोही हसला.

कदाचित हसणं चालू होतं म्हणूनच वहिनींनी ती गोष्ट काढली. अंडी उकळत्या पाण्यात सोडत, पाठमोऱ्याच, त्यांनी सांगितलं की मैत्रिणीचा फोन आला होता. ही मैत्रीण म्हणजे त्यांच्या लग्नाआधीची, दुसऱ्या गावात पुस्तकबांधणीचं दुकान चालवणारी. ग्रंथालयांची फाटकी, पाठ निखळलेली पुस्तकं तिच्याकडे येतात आणि धडधाकट होऊन परत जातात. दोघी एकाच ठिकाणी हे काम शिकल्या होत्या. आता मैत्रिणीचे गुडघे कुरकुरतात, काम एकटीनं उरकत नाही, दुकानाच्या वर एक खोली रिकामी आहे, तर वहिनींनी तिथे येऊन राहावं आणि काम करावं, असं तिचं म्हणणं. पाहुणी म्हणून नव्हे, कायमचं. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तशा सपाट आवाजात सांगितलं, आणि मग गॅस बारीक करून त्या वळल्या.

“मी मनाशी काही पक्कं केलेलं नाही, भाऊजी. पण आता घरातलं मोठं माणूस तुम्हीच. तुम्ही नको म्हणालात तर मी जायची नाही. संध्याकाळपर्यंत तिला कळवायचंय, नाहीतर ती खोली दुसऱ्या बाईला देईल.”

हातातल्या मोज्याकडे बघत तो म्हणाला, “बघू. जरा थांबा.”

‘जरा थांबा’ हे त्याचं ठेवणीतलं वाक्य होतं. प्रयोगशाळेत तर त्या वाक्यावरच त्याचं नाव झालेलं. नवी माणसं रुजू झाली की जुनी माणसं त्यांना सांगत, त्यांच्याकडे जा, पण सोबत डबा घेऊन जा. तो याचा राग मानत नसे. त्याचं कामच तसं होतं. बसमध्ये नेहमीची खिडकीची जागा मिळाली, आणि रस्त्याकडेच्या दुकानांची शटरं वर जाताना बघत तो सकाळचं बोलणं पुन्हा चाळू लागला. घरातलं मोठं माणूस तुम्हीच. हे त्याला कोणी आजवर म्हटलं नव्हतं. दादाला जाऊन वर्ष होऊन गेलं, तरी ‘मोठा’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे दादाच येई: चष्मा काढून रुमालाच्या टोकानं पुसणारा, पुसून झाला तरी पुसतच राहणारा. आईवडील लवकर गेले. दादानं स्वतःचं शिक्षण अर्धवट टाकून त्याला शिकवलं, आणि त्याबद्दल आयुष्यात एक शब्द काढला नाही. दादा कशाहीबद्दल शब्द काढत नसे. तो ओरडला नाही, कधी कोणावर हात उगारला नाही, कोणाला मज्जाव केला नाही. त्याला काही विचारलं आणि ते पटलं नाही, तर तो चष्मा काढी. एवढंच. विचारणारा उभा राही, काच पुसली जाई, आणि थोड्या वेळानं विचारणारा आपोआप निघून जाई. त्या घरात ‘नाही’ हा शब्द फारसा कोणी ऐकलाच नसेल. ऐकायची गरजच पडली नाही.

प्रयोगशाळेत शिरल्यावर नेहमीसारखं बरं वाटलं. भट्टीची खोली आतल्या बाजूला, खिडकी नसलेली, आणि तिथे बाराही महिने एकच ऋतू. भट्टी म्हणजे काही धगधगणारी, ज्वाळा ओकणारी वस्तू नव्हे. दुधाच्या मोठ्या कॅनएवढं पत्र्याचं आडवं पिंप, त्यातून आरपार गेलेली पांढऱ्या चिनीमातीची नळी, आणि नळीच्या मधोमध, मातीच्याच छोट्या चौकटीत बसवलेला स्फटिक. टायटॅनियमच्या ऑक्साइडचा, करंगळीच्या नखाएवढा, किंचित पिवळसर, आरपार दिसणारा. त्याला प्लॅटिनमच्या केसासारख्या चार तारा बांधलेल्या: दोन वीज आत सोडायला, दोन ती कशी जातेय हे पाहायला. थंड असताना या स्फटिकातून वीज जवळपास जातच नाही. प्रत्येक अणू आपापल्या जागी, प्रत्येक इलेक्ट्रॉन कुणा ना कुणाला बांधलेला, सगळं नीटनेटकं आणि ठप्प. मग भट्टी तापते. नळीतून असा वायू सोडायचा की त्यात ऑक्सिजन नावापुरताच असेल. त्या धगीत स्फटिकातला एखादा ऑक्सिजनचा अणू आपली जागा सोडून बाहेर पडतो. जाताना तो आपले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो. ते आता कोणाचेच नसतात, त्यामुळे कुठेही जाऊ शकतात. अशा जागा रिकाम्या होत जातात तसतशी स्फटिकातून वीज वाहू लागते. शास्त्राच्या पुस्तकात या रिकाम्या जागांना दोष म्हणतात. तरुणपणी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा त्याला गंमत वाटली होती: एकही दोष नसलेला स्फटिक विजेच्या दृष्टीनं अगदी निरुपयोगी. जिथे काहीतरी गेलंय तिथूनच काहीतरी जातं. पण स्फटिकाच्या गोष्टी माणसांना लावू नयेत, असं त्यानं स्वतःला फार पूर्वीच बजावून ठेवलं होतं. तो रस्ता भाषणं करणाऱ्यांचा. आपला रस्ता मोजणाऱ्यांचा.

काल जाताना त्यानं वायूचं मिश्रण बदललं होतं, ऑक्सिजन आणखी कमी केला होता, आणि आता पडद्यावरची रेघ रात्रभर चढून येऊन सपाटीला लागलेली दिसत होती. नवशिका असता तर लगेच आकडा टिपून मोकळा झाला असता. इथेच सगळे फसतात. ही सपाटी खोटी असते. स्फटिकातले चपळ दोष आपलं काम उरकून बसलेले असतात, पण त्यांच्याखाली दुसरे, अतिशय मंद दोष अजून सरकतच असतात. त्यांना दिवस लागतात, कधी आठवडे. थांबून राहिलं तर दिसतं की सपाट रेघ सपाट नाहीच. ती मुंगीच्या पावलानं कुठेतरी निघालेली आहे. त्याचं नाव ज्या एका निबंधामुळे चारचौघांत घेतलं जाई, तो याच मुंगीच्या पावलांबद्दल होता. तो स्टूल ओढून बसला आणि रेघेकडे बघू लागला. या बघण्याची त्याला आवड होती. बघताना मन हवं तिकडे जाऊ शके आणि तरी कामावर असे.

मन घराकडे गेलं. गेल्या वर्षभरात घरात जे होत गेलं ते त्यानं कधी सलग मनात मांडलं नव्हतं. पहिले काही महिने सगळे हळू चालत होते, दारं आवाज न करता लावत होते. मग एक दिवस जेवताना बायकोनं त्याला ‘अरे’ म्हटलं. ती त्याला अरे-तुरेच करी, पण खोलीचं दार लावल्यावर. दादासमोर ‘अहो’. त्या दिवशी चुकून ‘अरे, वाडगा इकडे दे’ असं निघून गेलं. तिनं जीभ चावली, आणि वहिनी खो खो हसत सुटल्या. ‘अगं, मला काय ठाऊक नाही का?’ म्हणाल्या. त्या दिवसापासून घराचं तोंड उघडलं. दोघी जावा बडबडायला लागल्या. पूर्वीही त्या बोलत, पण पूर्वीचं बोलणं म्हणजे निरोपांची देवाणघेवाण. आता त्या उगाचच बोलत. शेजारणीच्या नव्या पडद्यांवर बोलत, एकमेकींच्या घोरण्यावर बोलत, तो जेवताना कसा मान खाली घालून खातो याची नक्कल करत. आणि तोसुद्धा, ज्याला सहकारी घुम्या म्हणत तो, एक दिवस रात्रीच्या जेवणात त्यांना रिकाम्या जागा कशा सरकतात ते समजावून सांगू लागला. शेजारचा अणू उडी मारून रिकाम्या जागेत येतो, मग त्याची जागा रिकामी होते, मग तिच्या शेजारचा तिथे येतो, म्हणजे खरं पाहता भोकच सगळीकडे फिरत राहतं. वहिनी हातातला घास तसाच ठेवून ऐकत होत्या. ‘म्हणजे नक्की कुठून गेला ते पुढे सापडायचंच नाही?’ असं त्यांनी विचारलं. नाही सापडायचं, तो म्हणाला. इतकी वर्षं तो काय करतो हे घरात कोणी विचारलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नव्हतं.

हे त्याच्या आयुष्यातलं चांगलं वर्ष होतं. पडद्यावरच्या रेघेकडे बघताना ते वाक्य त्याच्या मनात पूर्ण आकारानं उमटलं, आणि त्याला इतकी शरम वाटली की त्यानं दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. ज्यानं त्याच्यासाठी स्वतःचं आयुष्य पणाला लावलं तो भाऊ मेला, आणि त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं. दादावर त्याचं प्रेम होतं. अजूनही होतं. सकाळी दाढी करताना आरशात दादाची हनुवटी दिसली की त्याचा हात थबके. तरीही घरी जाताना जिना चढण्याचा त्याला आता कंटाळा येत नसे, कारण वरून हसण्याचा आवाज येत असे. आणि तो आवाज मुख्यतः वहिनींचा होता. त्या गेल्या तर काय राहील? तो आणि बायको, समोरासमोर, आणि मध्ये मिठाची बाटली. बायको चांगली होती, पण वहिनी असल्या की ती आणखी चांगली होती. त्याला वहिनी जायला नको होत्या. इतकं साधं होतं ते. मग सकाळी ते सरळ का म्हटलं नाही? कारण मग त्या राहिल्या असत्या, आणि त्या राहिल्या त्या आपल्या शब्दाखातर, ही बोच जन्मभर राहिली असती. आणि ‘जा’ का म्हटलं नाही? कारण त्या गेल्या असत्या. म्हणून तो थांबला होता. थांबलं की गोष्टी आपल्या आपण आपल्या जागी जाऊन बसतात, असा त्याचा अनुभव होता. निदान ऑक्साइडांच्या बाबतीत होता.

बांधणी. वहिनींनी त्याचा प्रबंध बांधून दिला होता, हे त्याला कितीतरी दिवसांनी आठवलं. त्यांच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. बाजारात बांधून घ्यायला निघालेल्या त्याच्या हातातून त्यांनी गठ्ठा ओढून घेतला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर खळीचं भांडं, दोरा, घड्या दाबायची हाडाची पट्टी असं सगळं मांडलं, आणि दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. पानांचे जुडगे दोऱ्यानं एकमेकांना शिवताना त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता, कोणाच्याच घरची सून नसल्यासारखा. प्रबंध आजही कपाटात ताठ उभा आहे, बाकीच्यांचे कधीच निखळले. दादानं तो उलटून पालटून पाहिला होता. मग टेबलावर ठेवला होता आणि चष्मा काढला होता. त्यानंतर हाडाची पट्टी त्या घरात कोणाला दिसली नाही. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आपला प्रबंध किती सुबक दिसतोय एवढंच वाटलं होतं.

दुपारी बायकोचा फोन आला. येताना पाव आण म्हणाली. मग जरा घुटमळून तिनं विचारलं की वहिनींना तू काय सांगितलंस, कारण त्या सकाळपासून दोनदा विचारून गेल्या, भाऊजी काही म्हणाले का म्हणून. तो म्हणाला, अजून काही सांगितलं नाही, घरी आल्यावर बोलू. म्हणजे त्यांना काय सांगू, असं बायकोनं विचारलं. काही सांगू नकोस, तो म्हणाला. बरं, म्हणून तिनं फोन ठेवला. तिच्या ‘बरं’मध्ये थोडा वैताग होता, पण तो त्यानं मनावर घेतला नाही. रेघ किंचित वर सरकल्यासारखी वाटत होती. त्यानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

दिवस कलला तसा शंकासुर आत आला. शंकासुर म्हणजे शेजारच्या प्रयोगशाळेतला त्याच्याच वयाचा सहकारी, स्फटिकांचे रंग मोजणारा. कोणत्याही निष्कर्षाला शंकेची टाचणी लावून तो फुग्यासारखा फोडायचा, ही त्याची खोड, आणि त्याच खोडीसाठी दोघांची मैत्री टिकलेली. शंकासुरानं पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि अजून आकडा घेतला नाहीस का, असं विचारलं. अजून स्थिरावला नाही, तो म्हणाला. शंकासुर कपाटाला टेकून उभा राहिला. याच भट्टीतून निघालेल्या जुन्या स्फटिकांपैकी एक त्यानं गेल्या आठवड्यात तासून पाहिला होता, तेच सांगायला तो आला होता. तासला तर आत काय सापडावं? नळीची माती. त्या पांढऱ्या नळीतले अणू इतक्या धगीत, इतक्या दिवसांत हळूहळू स्फटिकात झिरपले होते.

“तुला वाटतं तू नुसता थांबलायस,” शंकासुर म्हणाला. “पण भट्टी चालूच असते ना बाबा. तू जितका थांबशील तितका तो स्फटिक तुझ्या नळीसारखा होत जातो. शेवटी आकडा स्थिर होतो खरा, पण तो कोणाचा आकडा असतो?”

यावर एरवी तास-दीड तास वाद घालता आला असता. माती किती झिरपली, किती खोल, त्यानं मुंगीच्या पावलांचा हिशोब किती बदलतो, हे सगळं काढता आलं असतं, आणि ते काढावंच लागणार होतं, कारण शंकासुराचं म्हणणं बरोबर असेल तर त्याच्या गाजलेल्या निबंधाचा एक पाय लंगडा होत होता. नवल म्हणजे त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे बायको उभी राहिली, स्वयंपाकघराच्या दारात, वहिनींना सांगताना: काही म्हणाला नाही. आणि ते ऐकताना वहिनी. त्या घरात इतकी वर्षं काढलेल्या वहिनी, ज्यांना ‘काही म्हणाला नाही’ याचा एकच अर्थ शिकवला गेला होता. आपण चष्मा लावत नाही, म्हणून आपण पुसत नाही, असं आपण समजत होतो. तो उठला. भट्टीकडे जरा बघशील का, असं त्यानं शंकासुराला विचारलं. चालू भट्टी दुसऱ्याच्या हवाली करून तो आजवर कधी गेला नव्हता, त्यामुळे शंकासुराला शंका काढायचंही सुचलं नाही.

बस मिळेना म्हणून तो अर्धा रस्ता चालला. फोन करता आला असता, पण फोनवर काय बोलायचं ते ठरेना. चालताना वाक्यं जुळत आणि चौकात सिग्नलला थांबलं की विस्कटत. वहिनी, तुम्ही खुशाल जा. हे खोटं होतं. वहिनी, तुम्ही जाऊ नका. हे खरं होतं, पण आता कळलं होतं की ते म्हणायची सोय नाही. त्या घरात त्याच्या तोंडचं खरं वाक्यसुद्धा दादाच्या वजनानं पडणार होतं. मोठं माणूस तुम्हीच. कपड्यांच्या दुकानातल्या मोठ्या काचेत त्याला स्वतःचं येणं दिसलं, पाठीत थोडं वाकलेलं, हात मागे बांधलेले, आणि दादा येतोय असं क्षणभर वाटून तो बाजूला झाला. पाव आणायचा तो विसरला.

वहिनी स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. बायको समोर बसून तेच करत होती, आणि दोघी गप्प होत्या. शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. तो दारात उभा राहिला तशी बायकोनं वर पाहिलं आणि नजर परत शेंगांवर नेली. वहिनींनी मात्र हसून त्याच्याकडे पाहिलं. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. वर्षापूर्वीपर्यंत त्या असंच हसत.

“कळवलं मी तिला,” त्या म्हणाल्या. “जमायचं नाही म्हणून. बरं झालं, एक विषय संपला. चहा टाकू का?”

“मी नाही म्हटलं नव्हतं, वहिनी.”

“तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं,” वहिनी म्हणाल्या, अजिबात न रागावता, आणि एक शेंग अंगठ्यानं उकलली. “मला कळलं ना.”

तो खुर्ची ओढून बसला. त्याच्या आयुष्यात त्याला इतकं भीतीदायक काही मोजावं लागलं नव्हतं. तो म्हणाला की तुम्ही गेलेलं मला नको आहे, अजिबात नको आहे, तुम्ही गेलात तर मला या घरात करमायचं नाही, हे वर्ष तुमच्यामुळे चांगलं गेलं आणि ते म्हणायची मला लाज वाटते. म्हणून मी गप्प बसलो. पण माझं नकोपण माझ्याजवळ. ते तुमच्यावर टाकायचा मला काही अधिकार नाही. बायकोचे हात थांबले होते. हे सगळं त्यानं मटारांच्या भांड्याकडे बघत सांगितलं, आणि मग मान वर करून विचारलं, “तुम्हाला जायचंय का?”

हातातले दाणे वहिनींनी भांड्यात टाकले नाहीत, मुठीतच ठेवले.

“जायचंय,” त्या म्हणाल्या. “पण आता कुठल्या तोंडानं फोन करू? आधीही असंच व्हायचं. हो म्हणायचं, मग नाही. ती आता ऐकूनसुद्धा घ्यायची नाही.”

“मी करतो,” तो म्हणाला.

नंबर वहिनींना पाठ होता. त्या एकेक आकडा सांगत गेल्या आणि तो लावत गेला. पलीकडे घंटा वाजली, कोणीतरी उचलला, पाठीमागून कागद कापल्याचा आवाज आला. तो ‘हॅलो’ म्हणाला. कापणं थांबलं. कोणी बोलेना. तो पुन्हा ‘हॅलो’ म्हणाला, तेव्हा एक बाई अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, कोण बोलतंय? त्यानं नातं सांगितलं. पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला.

“धाकटे होय. अहो, केवढ्यानं दचकले मी. आवाज हुबेहूब तोच. ती हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन यायचा. ‘ती येणार नाही.’ एवढंच, की फोन ठेवला. दरवेळी. पण आज तर तिनं स्वतःच नाही म्हटलंय. मग तुम्ही कशाला त्रास घेतलात?”

म्हणजे दादा बोलत असे. नुसता गप्प बसत नसे, उठून जाऊन फोन करत असे, तीन शब्द बोलत असे, आणि मग येऊन त्याच्या शेजारी जेवायला बसत असे. तो वहिनींकडे बघू लागला. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि पलीकडून काय सांगितलं जातंय हे त्यांना न ऐकताच ठाऊक होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्याला दादाचा राग आला, पहिल्यांदाच, आणि त्या रागात दादाची इतकी आठवण आली की आता आपल्याला बोलता येणार नाही असं वाटलं. पलीकडच्या बाई हॅलो, हॅलो करत होत्या.

“वहिनी येतायत,” तो म्हणाला. “त्यांची खोली ठेवा. कोणाला देऊ नका.”

पुढचं थोडं बोलणं झालं, कधी, कशा, सामान किती. खोली अजून कोणाला दिलेली नव्हती. त्यानं फोन खाली ठेवला तेव्हा बायको डोळ्यांना पदराचं टोक लावून बसली होती आणि वहिनी तिथेच भिंतीशी उभ्या होत्या.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “पुन्हा एकदा म्हणा.”

“काय?”

“तेच. ह्यांच्यासारखं.”

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मुठीतले मटार अजून मुठीतच होते. तो खिडकीकडे वळला. दादा बोलताना कोणाकडे बघत नसे.

“ती येणार आहे,” तो म्हणाला.

“बरं,” वहिनी म्हणाल्या.